धनी आणि कारभारी : रतनपूर ते भिलाई

मराठी भाषेत संस्थेचा संसार सांगणारे दोन शब्द फार जुने आहेत : धनी आणि कारभारी. ज्याच्या नावाने काम चालते, ज्याने त्या कामाचे उद्दिष्ट ठरवलेले असते आणि ज्याच्याकडे शेवटी जाब मागता येतो, तो धनी. ज्याच्या हाताने काम चालते, जो हिशेब ठेवतो, माणसे नेमतो आणि ठरल्या दिवशी ठरलेली गोष्ट घडवून आणतो, तो कारभारी. आजच्या परिभाषेत पहिल्याच्या गुणाला नेतृत्व म्हणतात आणि दुसऱ्याच्या कामाला व्यवस्थापन. अमेरिकेत अब्राहम झालेझ्निक यांनी १९७७ मध्ये हे दोन प्रकारचे मनुष्यस्वभाव वेगळे आहेत काय, असा प्रश्न एका गाजलेल्या लेखात विचारला. पुढे १९९० मध्ये जॉन कॉटर यांनी असे मांडले की, नेतृत्वाचे काम बदलाला सामोरे जाण्याचे आणि व्यवस्थापनाचे काम गुंतागुंत आवरण्याचे. संस्थेला दोन्हींची गरज असते. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून हा विचार आता सर्वत्र शिकवला जातो.

आपल्या इतिहासाला मात्र हा प्रश्न त्याआधी तीनशे वर्षे ठाऊक होता. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात जावे लागले. राज्याचा धनी शेकडो कोस दूर आणि मुघल बादशहा स्वतः महाराष्ट्रात तळ देऊन बसलेला, अशा काळात मागे राहिलेल्या मुलखाचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी ‘हुकूमतपनाह’ या अधिकाराने सांभाळला. त्याच रामचंद्रपंतांनी उतारवयात ‘आज्ञापत्र’ लिहिले. गड कसे राखावेत, आरमार कसे पोसावे, सावकारांशी कसे वागावे, रयतेच्या झाडांना हात का लावू नये, इथवर त्यात विचार आहे. धनी दूर असताना राज्य कशाने टिकते, हे अनुभवाने कळलेल्या कारभाऱ्याचा तो ग्रंथ आहे.

परंतु उदाहरणांसाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. ज्या छत्तीसगडच्या भूमीवर आपण वाढलो, तिने हा प्रश्न दोनदा मोठ्या प्रमाणावर सोडवून पाहिला आहे. एकदा रतनपूरला, मराठी माणसांच्या राजवटीत. आणि दुसऱ्यांदा आपल्या भिलाईत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने हे दोन अध्याय एकत्र वाचावेत, असा या लेखाचा हेतू आहे. वाचताना दोनच प्रश्न हाताशी ठेवू. ज्याच्या नावाने काम चालते तो कामाच्या जागी उत्तर द्यायला हजर आहे काय? आणि तो उद्या नसला तर काम चालेल काय?

रतनपूरचे बिंबाजी

१७४१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर पूर्वेकडील मोहिमेवर जाताना रतनपूरवर चालून आले. तेथील हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता आणि पुत्रशोकाने खचलेला होता. फारसा प्रतिकार झाला नाही. शतकानुशतके चाललेली एक राजवट अशी जवळजवळ लढाईविना संपुष्टात आली. त्यानंतर काही वर्षे भोसल्यांनी जुन्या घराण्यातील माणसांच्या हातूनच कारभार चालवला. रायपूर शाखेच्या अमरसिंहाकडे रायपूर, राजीम आणि पाटण एवढे परगणे वार्षिक खंडणीवर ठेवण्यात आले. हे पाटण म्हणजे आपल्या भिलाईपासून फार दूर नसलेले, दुर्ग जिल्ह्यातील पाटणच.

१७५५ मध्ये रघुजी निवर्तले. चार पुत्रांमधील वाटणीत जानोजींकडे नागपूर, मुधोजींकडे चांदा आणि बिंबाजींकडे छत्तीसगड आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, बिंबाजी भोसले रतनपुरात राहिले. या वाक्यातील ‘राहिले’ हे क्रियापद सर्वांत महत्त्वाचे आहे. नागपूरचे वर्चस्व त्यांनी नावापुरते मानले. दरबार, मंत्री आणि फौज मात्र स्वतःची ठेवली. रतनपूर आणि रायपूर हे आजवर वेगळे चाललेले दोन भाग त्यांच्या काळात एका सत्तेखाली आले. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी राममंदिर उभारले. ती टेकडी आजही रामटेकरी म्हणून ओळखली जाते. दसऱ्याला सोने वाटण्याची रीत छत्तीसगडात त्यांच्याच काळात रुळली, असे मानले जाते. मोडी लिपी आणि मराठी भाषा येथील दप्तरांत शिरली, ती याच वर्षांत.

बिंबाजींचा अमल आरंभापासून सौम्य होता असे म्हणता येणार नाही. बाहेरून आलेल्या सत्तेने प्रथम वसुलीकडे पाहिले, आणि रयतेला ते जाचलेही. पण पुढे लोकांनी त्यांना आपले मानले. त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी या मार्गाने गेलेल्या कोलब्रुक या इंग्रज प्रवाशानेही बिंबाजींविषयी लोकांच्या मनात उरलेला जिव्हाळा नोंदवला आहे. एका परक्या राजाविषयी हे कसे घडले? उत्तर साधे असावे. चुकले तर कोणाकडे जायचे हे रयतेला ठाऊक होते. ज्याच्या नावाने वसुली होई, तो त्याच गावात राहत होता, त्याच मंदिरात दर्शनाला जात होता आणि त्याच दुष्काळात पाऊस पाहत होता.

पहिल्या प्रश्नाला बिंबाजींची राजवट असे चांगले उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र ती अडखळते. सारी घडी एका व्यक्तीभोवती बसलेली होती. डिसेंबर १७८७ मध्ये बिंबाजी वारले आणि त्यांच्याबरोबर रतनपूरचा दरबारही संपल्यासारखा झाला. राणी आनंदीबाईंचा मान काही काळ राहिला. पण नेत्याच्या पश्चात त्याचे वर्तन पुढे नेणारी व्यवस्था घडलेली नव्हती.

नागपुराहून चाललेला सुभा

बिंबाजींनंतर छत्तीसगड त्यांचे पुतणे व्यंकोजी यांच्या वाट्याला आले. व्यंकोजींनी रतनपुरात राहण्याऐवजी नागपुरातूनच या प्रदेशाचा कारभार पाहण्याचे ठरवले. सत्तेचे खरे आकर्षण राजधानीत होते आणि त्यांचे लक्षही तेथेच होते. रतनपुरावर सुभेदार नेमण्यात आले. १७८७ पासून १८१८ पर्यंतच्या या व्यवस्थेला इतिहासात सुभा पद्धती म्हणतात.

कारभाराच्या दृष्टीने पाहिले तर ही पद्धती टाकाऊ नव्हती. उलट बिंबाजींच्या काळापेक्षा ती कितीतरी रेखीव होती. १७९० च्या सुमारास सुभेदार झालेल्या विठ्ठल दिनकर यांनी जुनी गढ-व्यवस्था मोडून सारा मुलूख सत्तावीस परगण्यांत विभागला. प्रत्येक परगण्यावर कमाविसदार, हिशेबाला फडणीस, पिकाची आणि वसुलीची नोंद ठेवायला बरारपांडे आणि गावपातळीवर गौंटिया अशी उतरंड उभी राहिली. कोणाचे काम कोणते आणि कोणी कोणाला हिशेब द्यायचा, हे प्रथमच ठरले. व्यवस्थापनाचा आराखडा म्हणून हे काम इतके पक्के होते की, पुढे इंग्रजांनीसुद्धा परगण्यांची संख्या बदलली, पण तो पाया मोडला नाही.

मग बिघडले कोठे? सुभेदाराचे पद ठेक्यासारखे झाले होते. नागपूरला अधिक रक्कम पोहोचवण्याची हमी देणाऱ्याला ते मिळे, आणि किती दिवस टिकेल याची शाश्वती नसे. ज्याला दोन-चार वर्षांत दिलेला शब्द वसूल करायचा आहे, तो तलाव कशाला बांधील? रस्ता कशाला करील? पीक बुडालेल्या गावाला सूट देऊन आपली जागा कशाला धोक्यात घालील? परगण्यांची ती नेटकी उतरंड तळापासून वरपर्यंत फक्त पैसा वाहून नेऊ लागली. वरून खाली काहीच येत नव्हते. तक्रार करायची तर ज्याच्या नावाने सारे चालले होते तो धनी नागपुरात, आणि समोर उभा असलेला कारभारी त्या तक्रारीचे कारण. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट या भागातून गेला, तेव्हा जुन्या राजधानीपेक्षा रायपूर मोठे झालेले त्याला दिसले. रतनपूरचा उतार सुरू झाला होता.

या तीस वर्षांचा दोष सुभेदारांच्या स्वभावावर ढकलण्याचा मोह होतो. त्यांच्यातील काही लोभी होते, काही कर्तबगारही होते. विठ्ठल दिनकरांसारख्याला अकार्यक्षम म्हणताच येणार नाही. परंतु उत्तम कारभारीसुद्धा धन्याने ठरवलेल्या उद्दिष्टाच्या पलीकडे फार जाऊ शकत नाही. नागपूरने छत्तीसगडकडून एकच गोष्ट मागितली होती, आणि ती गोष्ट कारभाऱ्यांनी इमानाने पोहोचवली. कारभार जितका चोख, तितका चुकीच्या उद्दिष्टाचा जाच अधिक, हा सुभा पद्धतीचा धडा आहे.

१८१८ नंतर अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने इंग्रज रेसिडेंट कारभार पाहू लागला. छत्तीसगडवर आलेल्या अॅग्न्यू या अधिकाऱ्याने राजधानी रायपूरला नेली, परगण्यांची फेररचना केली आणि १८२५ पर्यंत तेथे राहून काम पाहिले. परकी सत्तेचे हेतू कोणतेही असोत, लोकांना थोडा दिलासा मिळाला. कारण निर्णय करणारा माणूस पुन्हा एकदा निर्णयाच्या जागी राहत होता. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले.

भट्टी पेटवणारे आणि पेटती ठेवणारे

यानंतर शंभर वर्षांनी, १९५५ मध्ये, सोव्हिएत संघाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला आणि त्यासाठी भिलाईची निवड झाली. इतिहासाचा योगायोग असा की, तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी पुन्हा नागपूरच होती. एके काळी छत्तीसगडचा पैसा नागपूरकडे जात असे. या वेळी मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी नागपुरात बसून छत्तीसगडसाठी कारखान्याचा पाठपुरावा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ वेगळा झाला. पण मुंबई–हावडा लोहमार्गाने नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी माणसे कामाच्या शोधात येतच राहिली. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा त्याच गाड्यांतून उतरले.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत राउरकेला जर्मन, दुर्गापूर ब्रिटिश आणि भिलाई सोव्हिएत साहाय्याने उभे राहत होते. प्रत्येकाची आरंभीची क्षमता वर्षाला दहा लाख टन. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, हिर्रीचा डोलोमाइट असा कच्चा माल आसपास होता. येथे कोणती वस्तू किती व का घडवायची, हे दिल्लीत ठरले. ते नेतृत्वाचे काम होते, आणि त्यात देश स्वतःच्या पायावर उभा करण्याची उमेद होती. त्या उमेदीची किंमत ज्या गावांनी जमिनी देऊन मोजली, त्यांचीही आठवण येथे ठेवली पाहिजे. परंतु उमेदीने पोलाद वितळत नाही.

झोतभट्टीचा स्वभाव आपल्या मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. वरून खनिज, कोक आणि चुनखडक सोडत राहायचे, खालून तापलेल्या हवेचा झोत मारत राहायचा आणि दर काही तासांनी वितळलेले लोखंड बाहेर काढायचे. एकदा पेटलेली भट्टी वर्षानुवर्षे अखंड चालते. दिवाळी असो, संप असो, कोणाचे लग्न असो, ती मनात येईल तेव्हा विझवता येत नाही. आतला रस थिजला तर ती पुन्हा चालू करणे महाकठीण. कोकच्या भट्ट्यांचेही तसेच. त्या निवल्या तर विटांची बांधणी तडकते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. समारंभ एका दिवसात संपला. त्यानंतरची प्रत्येक रात्र कोणीतरी जागून काढली आहे. आमच्या पिढीतील मुलांना घड्याळ कळण्याआधी वडिलांची पाळी कळत असे. घरात दुपारी का बोलायचे नाही, याचे उत्तर ‘बाबांची रात्रपाळी होती’ हेच असे.

भिलाईने दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी दिली, ती दोन कारणांनी. पहिले, निर्णय करणारे येथेच राहिले. सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंता वेनियामिन दिमशित्स हे पुढे आपल्या देशाचे उपपंतप्रधान झाले. पण उभारणीच्या काळात ते भिलाईच्या धुळीत होते. महाव्यवस्थापकापासून खलाशापर्यंत सारे एकाच नगरीत राहत. पाणी गेले तर कमी-अधिक सर्वांचे जाई, आणि आजारी पडले तर वाट सेक्टर ९ च्याच रुग्णालयाची. दुसरे, सोव्हिएत तज्ज्ञांनी काम करून दिले आणि ते निघून गेले, असे झाले नाही. त्यांच्या शेजारी भारतीय अभियंते आणि कारागीर उभे राहून शिकले; अनेकांना प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात पाठवले गेले. जाणारा माणूस जाण्यापूर्वीच त्याच्या जागी दुसरा तयार होत होता. म्हणूनच १९६७ मध्ये क्षमता पंचवीस लाख टनांवर आणि १९८८ मध्ये चाळीस लाख टनांवर गेली, आणि देशाच्या रेल्वेमार्गांवर भिलाईचे रूळ पसरले.

तरीही हे चित्र पूर्ण नाही. नगरीच्या कुंपणाबाहेर, दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत हजारो ठेका मजूर होते. त्यांना ना घर होते, ना रुग्णालय. कारखान्याच्या व्यवस्थापनाच्या वहीत त्यांचे नाव ठेकेदाराच्या नावाआड गेले होते. सुभ्याची जुनी खोड ठेक्याच्या रूपाने पुन्हा अवतरली होती, असे म्हटले तर चूक होणार नाही. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली हे मजूर संघटित झाले. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात काही मजूर मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून रुग्णालय उभारले. १९८३ मध्ये ते शहीद रुग्णालय सुरू झाले. नियोगींच्या राजकारणाविषयी मतभेद होते आणि आहेत. पण २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाल्यानंतरही ते रुग्णालय बंद पडले नाही. मोर्चाला नेता लागतो. औषधाच्या नोंदवहीला रोज सकाळी उघडणारा माणूस लागतो. नियोगींच्या संघटनेने आंदोलन चालू असतानाच ती नोंदवहीही सुरू केली, म्हणून नेता गेल्यावरही उपचार चालू राहिले.

आपल्या शाळेचा धडा

आता आपल्या शाळेकडे वळू. सेक्टर १० मध्ये मराठी माध्यमाची शाळा चालवणे हा साठ वर्षांपूर्वी एक धाडसी निर्णय होता. भोवती हिंदी आणि छत्तीसगडी, कारखान्यात इंग्रजी, आणि घरात मराठी. या घरातल्या भाषेत मुलांनी गणित आणि इतिहास शिकावा, असे ज्यांनी ठरवले ते आपले धनी. पण त्यांच्या निर्णयानंतर ज्यांनी रोज हजेरीपट भरला, मान्यतेचे कागद वेळेत पोहोचवले, पुस्तके मागवली, गळके छत शाकारले आणि परीक्षेचे वेळापत्रक पाळले, ते शिक्षक, लिपिक आणि शिपाई आपले कारभारी. समारंभात हार पहिल्यांना पडतात. या स्मरणिकेत दुसऱ्यांनाही नमस्कार असावा.

परंतु केवळ कृतज्ञतेने हा लेख संपवणे प्रामाणिक होणार नाही. गेल्या तीन-चार दशकांत कारखान्याची कामगारसंख्या खूप घटली. निवृत्त झालेली कुटुंबे गावाकडे किंवा मुलांकडे गेली. नवे मराठी पालक मुलाला या शाळेत घालण्यापूर्वी दहादा विचार करतात, आणि त्यांचा विचार चुकीचा नाही. अशा वेळी आपण माजी विद्यार्थी काय करतो? पुण्याहून, नागपूरहून, बंगळुरूहून, परदेशातून आपण शाळेविषयी मते पाठवतो, सूचना पाठवतो, कधी देणगीही पाठवतो. या साऱ्यात प्रेम आहे, यात शंका नाही. पण व्यंकोजींचे उदाहरण आपल्याला येथेच बोचले पाहिजे. ते पैसा नेत होते आणि आपण देतो, हा फरक मोठा आहे. दूर राहून धनीपण मिरवण्याची सवय मात्र तीच आहे. नागपुरात बसून रतनपूर चालले नाही. पुण्यात बसून सेक्टर १० चालणार नाही.

म्हणून इतिहासाने दिलेल्या दोन प्रश्नांना आपण दोन कृतींनी उत्तर द्यावे. वार्षिक सभेत हात वर करणारे माजी विद्यार्थी थोडे असोत, पण त्यांतील काहींनी वर्षातून काही आठवडे प्रत्यक्ष शाळेत यावे, वर्गावर बसावे आणि पालकांसमोर उत्तर द्यायला उभे राहावे. आणि शाळेतील प्रत्येक जबाबदार व्यक्तीच्या शेजारी, भिलाईने केले तसे, आजच एक शिकाऊ व्यक्ती उभी करावी. ज्या शिक्षकाला तीस वर्षांचा अनुभव आहे, त्याच्या निवृत्तीच्या दिवशी शाल देऊन ते ज्ञान परत मिळत नाही. कार्यकारिणीवर आजच्या पालकांना घ्यावे. कारण ज्यांची मुले या बाकांवर बसली आहेत, त्यांच्यापेक्षा या शाळेच्या जवळचा धनी दुसरा कोण?

रामटेकरीवरचे मंदिर उभे आहे, पण बिंबाजींचा दरबार उरला नाही. पहिल्या झोतभट्टीच्या उद्घाटनाला आलेले बहुतेक पाहुणे आज हयात नाहीत, पण भिलाईत आजही लोखंड वितळते आहे. आपल्या शाळेचा अमृत महोत्सव पंधरा वर्षांनी येईल. त्या दिवशी हजेरीपटावर मुलांची नावे असावीत असे वाटत असेल, तर या महोत्सवाच्या मांडवातून निघताना प्रत्येकाने आपल्याला धनी व्हायचे आहे की कारभारी, हे ठरवून जावे. दोन्हींपैकी एकही न होता फक्त पाहुणे राहण्याची सोय आता आपल्यापाशी उरलेली नाही.